सोळा पानांचा फर्मा

आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकाला सगळे 'मिसेलनी' म्हणायचे. कुणी 'अंक' म्हणालं तर शिपाई मामासुद्धा "कुठला अंक?" म्हणून विचारायचे. "मिसेलनी आली काय?" हा प्रश्न एका जूनपासून दुसऱ्या जूनपर्यंत चालायचा, कारण ती वेळेवर कधी यायचीच नाही. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, २००३-०४ साली, मी तिच्या मराठी विभागाची विद्यार्थी संपादक होते. निवड कशी झाली विचाराल तर माझं अक्षर बरं होतं. ऑप्शनल मराठीला आम्ही अकरा जण, त्यात नऊ मुली, आणि फळ्यावर तारीख घालायला सर नेहमी मलाच उठवायचे. एवढीच माझी पात्रता.

कॉलेजचं नाव सांगत नाही. बेळगावात जुनी कॉलेजं मोजकीच. लिंगराज १९३३ सालचं, मोठं, नावाजलेलं. आमचं त्याच्यापुढं चिमुकलं, पण स्वातंत्र्याच्या आधीचं, याचा आम्हाला उगाच तोरा. मंगलोरी कौलं, दगडी भिंती, आणि लाकडी जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. पावसाळ्यात त्या खोलगट जागी पाय बरोबर बसायचा. नवीन माणूस कडेनं चढायचा आणि घसरायचा. त्यावरूनच फर्स्ट इयरची पोरं ओळखू यायची.

काम हाती दिल्यावर सरांनी पहिल्यांदा मला आठवडाभर लायब्ररीत पाठवलं. "जुने अंक चाळ, मग ये." मागच्या कपाटात बांधीव मिसेलन्या होत्या. धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ १९४९ साली निघालं, त्याआधी आमच्या भागातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, म्हणून सुरुवातीच्या अंकांवर मुंबईचं नाव. बेळगावात १९४६ साली मराठी साहित्य संमेलन झालं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो याच संमेलनात. त्यावर कुणा विद्यार्थ्यानं लिहिलेलं सापडलं तेव्हा मी अधाशासारखी वाचायला बसले. पोरगा मंडपात स्वयंसेवक होता. अध्यक्षांच्या भाषणावर दोन ओळी, ठरावावर एक, आणि उरलेलं सगळं पान पंगतीत भात संपला तेव्हा वाढप्यांची कशी धांदल उडाली त्यावर. मला तो लेख फार आवडला. सरांना सांगितलं तर म्हणाले, "विषयाला धरून नाही."

मजकूर गोळा करणं ही काही अवघड गोष्ट नव्हती. आमच्याकडं कवींचा तुटवडा कधीच नसतो. हिवाळा लागला की कडोली, उचगाव, बेळगुंदी, येळ्ळूर अशी गावोगावची साहित्य संमेलनं सुरू होतात. ग्रंथदिंडी निघते, दुपारी कविसंमेलन, आणि तिथं एकदा कविता म्हटलेला पोरगा पुढं जन्मभर कवी राहतो. लायब्ररीच्या दाराशी एक खोका ठेवला होता. पंधरा दिवसांत एकेचाळीस कविता निघाल्या. त्यातल्या निम्म्या आईवर, राहिलेल्यांत पाऊस आणि सीमाप्रश्न. एक कविता दोघांनी दिली होती, एक हिंडलग्याचा आणि एक चंदगडकडची. शब्दाशब्दानं तीच. दोघांनी एकाच रविवारच्या पुरवणीतून उतरवून घेतलेली. चंदगड महाराष्ट्रात, हिंडलगा कर्नाटकात, पण पुरवणी दोन्हीकडं येते.

खोक्यात शेलापागोटेही पडायचे. आमच्या गॅदरिंगमध्ये हा एक मोठा कार्यक्रम. कुणाच्याही नावावर दोन ओळींचा टोमणा लिहून टाकायचा, निनावी. मग मराठी विभागाची मुलं आणि सर बसून निवडायचे आणि रात्री स्टेजवर दोघं जण ते वाचून दाखवायचे. कन्नडमध्येही यायचे. ते वाचायला आम्ही कन्नड विभागातल्या कुणाला तरी धरून आणायचो. निवडायला बसलं की सर एकेक चिठ्ठी उलगडत, चष्मा वर करून वाचत आणि ती हळूच खिशात घालत. खिशात गेलेली चिठ्ठी बाद. एका वर्षी सरांचा खिसा फुगून फाटायला आला होता. स्वतःवर आलेली चिठ्ठी मात्र ते कधी बाद करायचे नाहीत, ती वाचायला लावायचे. निवडक शेलापागोट्यांना मिसेलनीत एक पान राखलेलं असायचं, आणि खरं सांगायचं तर आमच्या विभागातलं तेवढं एकच पान सगळे वाचायचे.

पानांच्या वाटणीची मीटिंग प्रिन्सिपलांच्या केबिनमध्ये झाली. एकूण ऐंशी पानं, म्हणजे सोळाचे पाच फर्मे. एका मोठ्या कागदावर छापून घडी घातली की होतात ती सोळा पानं, तो एक फर्मा. इंग्रजी आणि अहवाल मिळून छत्तीस, त्याला कुणी हात लावायचा नाही. उरलेल्यात कन्नड, मराठी आणि हिंदी. कन्नड विभागाची संपादक बैलहोंगलची, माझ्याच वर्गातली. तिनं अगदी गंभीरपणे सांगितलं, कन्नडमध्ये अक्षराखाली ओत्तक्षर येतं, दोन ओळींत जागा सोडावी लागते, म्हणून आम्हाला पानं जास्त हवीत. मी म्हटलं, आमच्यात वर वेलांटी आणि खाली उकार, दोन्हीकडनं अडचण. प्रिन्सिपल हसले. तरी कन्नडला वीस आणि आम्हाला चौदाच मिळाली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "हिंदीला दहा दिलेत. त्यांच्याकडं मजकूरच नाही गे. जाऊन माग." आणि खरंच, हिंदीच्या मॅडमनी दोन पानं सुटल्याच्या आनंदात चहा पाजला. सोळा झाली. सोळा म्हणजे पूर्ण फर्मा, छापखान्यातही सोयीचं.

आता मुख्य गोष्ट. खोक्यात तीन कथा होत्या. दोन वाचवेनात. तिसरी फूलस्केपची सहा पानं होती, निळ्या शाईची, एका ज्युनिअर मुलीची. खानापूर तालुक्यातली, मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीच्या अलीकडच्या वाडीतली. इथं टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ मावशीकडं राहायची. कथा म्हणजे कथाही नव्हे, तिच्या घरचंच होतं. भात पोटरीला आलं की रात्री शेतात गवे उतरतात. बाबा माळ्यावर राखणीला. गवा आला की ते तेलाचा रिकामा डबा बडवतात. पोरं घरात अंथरुणात पडून त्या आवाजाचे ठोके मोजतात. ठोके थांबले की गवा गेला असं धरायचं. पण ठोके थांबण्याचं दुसरंही कारण असू शकतं, ते पोरांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. आई मात्र उठून बसते.

लिहिलं होतं बोलतो तसं. "गवा आला की बाबा डबा बडवूलालता आणि आमी हातरुणात पडून मोजूलालतो." पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत असंच.

मी लाल पेन घेऊन बसले. हे का केलं ते सांगायला हवं. फर्स्ट इयरला असताना वक्तृत्व स्पर्धेला कोल्हापूरला गेले होते. भाषण पाठ केलेलं, ते छान झालं. नंतर चहाला उभी असताना कुणीतरी विचारलं, कधी आलात? मी म्हटलं, "आमी मघाशीच येऊलालतो, पण बस पंक्चर झाली." चारपाच जण हसले. वाईट मनानं नसतील हसले. पण नंतर बक्षीस समारंभ होईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. वडगावात घरी दिवसभर मागाच्या खटखटाटात आम्ही याच भाषेत ओरडून बोलतो, शेजारच्या कन्नड बायकाही हीच बोलतात, आणि ती हसण्यासारखी आहे हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलं. तेव्हापासून बाहेर बोलताना मी प्रत्येक क्रियापद तपासून मग सोडायची.

तर सहा पानं मी स्वच्छ करून टाकली. "गवा आल्यावर वडील पत्र्याचा डबा वाजवीत असत आणि आम्ही अंथरुणात पडून ठोके मोजत असू." सरांना दाखवली. त्यांनी दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि शाबासकी दिली. लेखिकेला विचारायचं असतं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

छापखाना खडेबाजाराच्या मागच्या एका बोळात होता. पुढं लग्नपत्रिकांचं कपाट, मागं सिंगल कलर ऑफसेट मशीन, आणि मधल्या अंधाऱ्या खोलीत कॉम्प्युटर. टाइप करणारे चाळिशीतले, कन्नड माणूस. मी त्यांना मामा म्हणायची आणि ते मला मॅडम. मराठी वाचायला हळू, पण बोट झरझर चालायचं, कारण ते अर्थ वाचत नव्हते, अक्षरं बघून टाइप करत होते. त्यामुळं त्यांच्या चुकाही आम्हा मराठी माणसांच्या चुकांपेक्षा वेगळ्या. सगळ्यात छळलं ते 'ऱ्या'नं. 'दऱ्याखोऱ्यांतून'चं 'दर्याखोर्यांतून' व्हायचं. प्रत्येक प्रूफमध्ये मी ते गोल करून समासात लिहायची, आणि पुढच्या प्रूफमध्ये रफार परत डोक्यावर. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, ते आडवं र कुठल्या बटनावर हाय ते तुमीच सांगा." श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा तक्ता घेऊन आम्ही दोघं अर्धा तास शोधत बसलो. सापडल्यावर त्यांनी कीबोर्डाच्या कडेला पांढऱ्या शाईनं खूण केली. दुसरी कटकट फॉन्टची. हिंदी विभागाचा फॉन्ट चुकून आम्हाला लागला आणि 'ल' नि 'श' हिंदी वळणाचे आले. अक्षरं सगळी बरोबर, तरी पान परक्यासारखं दिसायला लागलं. ते बदललं तर ओळी सरकल्या, सोळाची सतरा पानं झाली. असो.

डिसेंबरात कथेचं पहिलं प्रूफ आलं. मी कट्ट्यावर बसून वाचायला घेतलं. पहिलं वाक्य, "बाबा डबा बडवूलालता." मी दचकले. पुढचंही तसंच. पान उलटलं, दुसऱ्या पानाच्या मध्यापर्यंत तिचंच सगळं, आणि मग एकाएकी "वडील वाजवीत असत" सुरू.

तडक छापखाना गाठला. मामांनी सांगितलं ते असं. लाल शाई म्हणजे मास्तरांनी तपासून दिलंय असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी निळं तेवढं टाइप केलं. तीन पानं झाल्यावर मालक येऊन म्हणाले, अहो, लाल घ्यायचंय. तिथून पुढं लाल घेतलं.

"मग मागची तीन पानं परत नाही का करायची?"

"करतो की. पण मॅडम, एक बोलू काय?" त्यांनी खुर्ची फिरवली. "हे निळं लिवलंय ते मी वाचलो बघा. मी वाचत नसतो, माझं काम टाइप करायचं. हे वाचलो. डबा वाजूलालंय ते ऐकू येतंय. मागनं एकदम रेडिओवर बातम्या लागल्यागत झालं."

कन्नड माणूस. मराठी पुस्तक उघडलं तर पानभर वाचायला त्यांना पंधरा मिनिटं लागतील. आणि त्यांना ती कथा कळली होती, ती निळ्या शाईतली. माझ्या लाल शाईतली कळली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुलीला शोधलं आणि प्रूफ हातात दिलं. ती उभ्यानं वाचत गेली. दुसऱ्या पानाच्या मध्यावर थांबली. मी पाठ केल्यासारखं सांगायला लागले की छापील अंक आहे, प्रमाणभाषा, विद्यापीठातही अंक जातो. तिनं मान वर केली. "ताई, हे मी घरात बाबास्नी वाचून दाखवणार हाय. 'वडील वाजवीत असत' म्हटल्यावर ते विचारतील, हा कोण पावणा आमच्या माळ्यावर बसलाय?"

मी हसले, ती हसली नाही.

सरांकडं जायला दोन दिवस घेतले. सर बोलीच्या विरुद्ध होते असं नाही. वर्गात बोलीभाषेवर तास घ्यायचे तेव्हा रंगून जायचे. पण छापायची वेळ आली की त्यांना भीती वाटायची, आणि ती भीती मी आता जास्त समजू शकते. इथं मराठी शिकवणाऱ्या माणसाला वाटतं, आपल्या अंकात चूक दिसली तर तिकडचे म्हणणार, बघा, यांची मराठी अशी. ते म्हणाले, निवेदन प्रमाणात ठेवू, संवाद बोलीत. नेहमीची तडजोड. मी म्हटलं, सर, त्यात संवाद तीनच आहेत. बाकी सगळं डब्याचा आवाजच आहे. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ठेव. पण खाली एक ओळ टाक, बोलीभाषा हेतुपुरस्सर जशीच्या तशी ठेवली आहे. नाहीतर लोक म्हणतील सरांनी प्रूफ बघितलं नाही."

अडचण वेगळीच निघाली. राहिलेल्या तीन पानांत तिची मूळ वाक्यं मी लाल रेघांनी इतकी खोडली होती की खालचं लागेना. मग तिलाच छापखान्यात नेलं. संक्रांतीच्या आधीची दुपार. ती स्टुलावर बसून सांगत होती आणि मामा ऐकून टाइप करत होते. मी मागं उभी. ती कागद बघतच नव्हती, आठवून सांगत होती, आणि सांगताना दोनतीन वाक्यं नवीनच आली. "आई उठून बसली. दिवा लावलाय न्हाई. दिवा लावला तर आमी जागं हाय ते तिला कळंल म्हणून." हे मूळ सहा पानांत नव्हतं. मामांची बोटं थांबली.

"मग? डबा वाजला काय परत?"

"थांबा की मामा. टाइप करा आदी."

मशीन बंद होतं, लाइट गेली की काय म्हणून मालक आत डोकावले. तिघांना तसं बसलेलं बघून काही न बोलता परत गेले.

कथा लांबली आणि सोळा पानांत मावेना. कविता आधीच कापून अकरावर आणल्या होत्या, शेलापागोट्यांना हात लावला असता तर कॉलेजात राहता आलं नसतं. माझं संपादकीय दीड पान होतं, मायबोलीच्या संवर्धनावर. ते दहा ओळींवर आणलं. आता त्यातली एकही ओळ आठवत नाही, यावरून काय ते समजा.

मग नेहमीप्रमाणं सगळं रखडलं. गॅदरिंग झालं, परीक्षा झाल्या. प्रिन्सिपलांच्या मनोगतासाठी एक महिना, फोटोंच्या आर्ट पेपरसाठी एक महिना. मी मशीनवर आमचा फर्मा चढलेला बघायला मुद्दाम गेले. मोठ्या कागदाच्या एका अंगाला आठ पानं, काही उलटी काही सुलटी, पान एकच्या शेजारी पान सोळा. मामांनी घडी घालून दाखवली, तेव्हा ती पटापट ओळीत आली.

मिसेलनी आली जूनच्या शेवटी. पाऊस लागला होता, वडगावच्या शिवारात पेरण्या होऊन गेल्या होत्या. मी टीसी न्यायला गेले तेव्हा ऑफिसात गठ्ठे पडलेले. रजिस्टरवर सही करायची, एका विद्यार्थ्याला एक प्रत. उघडून पहिल्यांदा कथा बघितली. सगळं ठीक होतं, तळटीपही होती. अनुक्रमणिकेत मात्र वाडीच्या नावापुढं 'कणकुंबी'चं 'कणकुंभी' झालेलं. अनुक्रमणिकेचं प्रूफ मी बघितलंच नव्हतं. क्लार्कना म्हटलं, छापखान्यातल्या मामांसाठी आणखी एक प्रत द्या. त्यांनी वर न बघता सांगितलं, "एक्स्ट्रा इल्ल. नाळे बर्री." जादा नाही, उद्या या. दुसऱ्या दिवशी गेले, तेव्हाही 'नाळे बर्री'च.

मग माझीच नेऊन दिली. मामांनी हात पुसून घेतली, दिवाभीतासारखं इकडंतिकडं बघितलं आणि त्या पानावर बोट घालून ड्रॉवरमध्ये ठेवली. मुलीला एक प्रत मिळाली होती, ती ती सुट्टीत गावाला घेऊन गेली. बाबास्नी वाचून दाखवली का, ते विचारायचं राहून गेलं. त्यानंतर आमची गाठ नाही.

माझ्याकडं आज तो अंक नाही. आता दुसऱ्यांची मराठी तपासणं हेच पोटापाण्याचं काम झालंय, आणि टेबलाच्या खणात जुन्या फायलीत ते पहिलं प्रूफ आहे, दुसऱ्या पानाचं. कागद पिवळा पडलाय, मधोमध मामांच्या चहाच्या कपाचा गोल डाग. डागाच्या वर बाबा डबा बडवूलालता. डागाच्या खाली वडील तो वाजवीत असत.